चौघांचं पाकीट, दोघांचं घर

निवृत्तांच्या वसाहतीत राहायला गेलेल्या अनेक जोडप्यांचा एक हिशेब पहिले काही महिने लागत नाही. घरात माणसं निम्मी झाली, भूकही पूर्वीसारखी राहिली नाही, मग खाण्यापिण्याचा खर्च निम्म्यावर का येत नाही? वसाहतीच्या मासिक शुल्कात जेवण धरलेलं असतं, तरी किराणा भरावाच लागतो. आठवड्यातून एखाद-दोनदा बाहेर जेवणं होतं. आणि एवढं सगळं असून दर आठवड्याला फ्रिजमधलं काहीतरी कचऱ्याच्या डब्यात जातं. उधळपट्टी म्हणावी, तर तसं कुणी वागत नसतं.

खरी गोम मापात आहे. दुकानातलं पाकीट, हॉटेलातली प्लेट, पाककृतीतलं प्रमाण, महिन्याचा मील प्लॅन (म्हणजे वसाहतीच्या जेवणाची आगाऊ पैसे भरलेली योजना) या गोष्टी भरल्या घराच्या आणि धडधाकट पोटाच्या मापानं बेतलेल्या असतात. सत्तरीतल्या दोघांनी किंवा एकट्यानं त्या जशाच्या तशा वापरल्या, की कुठे पैसे वाया जातात, कुठे अन्न, आणि कधीकधी तब्येतही.

माणसं निम्मी, मग खर्च निम्मा का नाही?

कारण घरखर्चाचा काही भाग माणसांवर अवलंबूनच नसतो. फ्रिज दोघांसाठी चालला काय नि चौघांसाठी, वीज जवळपास तेवढीच जाळतो. कढईत फोडणीला लागणारं तेल भाजी निम्मी केली म्हणून निम्मं होत नाही. दुकानात जाण्यायेण्याचा खर्चही तोच.

अर्थतज्ज्ञ हे मोजायला ‘समतुल्य माप’ वापरतात, म्हणजे किती माणसांच्या घराला किती पटीनं खर्च लागतो याचा ठोकताळा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मापात पहिला प्रौढ १, पुढचा प्रत्येक प्रौढ ०.५ आणि प्रत्येक मूल ०.३ धरतात. दोन प्रौढ आणि दोन मुलांचं घर २.१, नुसतं जोडपं १.५. म्हणजे माणसं ५० टक्क्यांनी घटली, तरी गरज घटते ती साधारण २९ टक्क्यांनी. हे माप सगळ्या घरखर्चाचं आहे. खाण्याचा खर्च घरभाड्यापेक्षा जास्त वेगानं उतरतो हे खरं. पण निम्म्यावर येईल ही अपेक्षाच चुकीची आहे. जोडपं एकटं झालं तर आकडा १.५ वरून १ वर येतो. एकट्या माणसाचा खर्च जोडप्याच्या दोन तृतीयांश, अर्धा नव्हे. मासिक तरतूद ठरवताना हाच आकडा धरावा.

मोठं पाकीट स्वस्त पडतं ना?

किलोमागे भाव पाहिला तर पडतं. पण आपण पैसे देतो विकत घेतलेल्या किलोला, आणि उपयोग होतो पोटात गेलेल्या किलोचा. त्यासाठी एकच नियम लक्षात ठेवला तरी पुरे: मोठ्या पाकिटावर जितके टक्के सूट, तितकेच टक्के वाया घालवायची मुभा. लहान पाकीट किलोला १०० च्या भावानं आहे आणि मोठं ८० च्या, म्हणजे सूट २० टक्के. मोठ्या पाकिटातलं २० टक्के फेकलं गेलं तर दोन्ही सारखीच पडली. एक चतुर्थांश फेकलं, तर ‘स्वस्त’ पाकीट महागात गेलं.

यावरून काय मोठं घ्यायचं आणि काय लहान, हे आपोआप ठरतं. तांदूळ, डाळी, साखर, साबण, कागदी रुमाल मोठ्यात घ्यायला हरकत नाही. दूध, पालेभाज्या, ब्रेड, दही लहानात. फसगत होते ती मधल्या गटात. तेल, दाणे, सुकामेवा आणि अख्ख्या धान्याचं पीठ हे ‘कोरडं सामान’ म्हणून मोठं आणलं जातं. पण त्यातली स्निग्धता हवा लागली की खवट होते. वाटलेले मसाले नासत नाहीत, नुसतेच मुके होतात. मग भाजीला चव येईना म्हणून मीठ वाढवलं जातं, आणि ते या वयात नको असतं. असं सामान दोन महिन्यांत संपेल एवढंच आणावं आणि उघडल्यावर घट्ट बंद करून, उजेड आणि उष्णतेपासून लांब ठेवावं. शेगडीशेजारची फळी दिसायला सोयीची, मसाल्यांसाठी मात्र वाईट.

पाकिटावरच्या तारखांतही गल्लत होते. ‘या तारखेपर्यंत वापरा’ हा सुरक्षेचा इशारा आहे, तो ओलांडू नये. ‘या तारखेपूर्वी सर्वोत्तम’ हा चव आणि दर्जाचा अंदाज असतो. तारीख उलटली म्हणून बिस्किटं विषारी होत नाहीत. दोन्ही तारखा न उघडलेल्या पाकिटाच्या. फोडलं की नवं घड्याळ सुरू. म्हणून फ्रिजच्या दारावर एक मार्कर दोरीला बांधून ठेवावा आणि उघडल्याची तारीख पाकिटावर ठळक घालावी. स्मरणशक्तीवर विसंबण्यापेक्षा हे बरं.

वसाहतीचा खरा फायदा इथे घेता येतो: शेजाऱ्यांसोबत मोठं पाकीट वाटून घेणं. कोरड्या सामानाला हे उत्तम. फक्त वाटणी करताना लेबल एकाच घरी जातं आणि दुसऱ्याच्या डब्यात काय आहे, कधीपर्यंतचं आहे, हे महिन्याभरात कुणालाच आठवत नाही. ज्याला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे त्याला हे धोक्याचं. लेबलाचा फोटो काढून घ्या, डब्यावर नाव आणि तारीख लिहा. उघडलेलं दूध, कापलेली फळं, शिजवलेलं अन्न मात्र वाटणीत घेऊ नये. ते किती वेळ बाहेर होतं हे देणाऱ्यालाही नीट ठाऊक नसतं.

दुकानात जायचं की घरपोच मागवायचं?

दोन्ही, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. जड आणि टिकाऊ सामान महिन्यातून एकदा घरपोच मागवावं. ताजं स्वतः जाऊन निवडावं. घरपोच सेवेत ठरावीक रकमेच्या वर ‘वाहतूक मोफत’ असते आणि ती रक्कम गाठायच्या नादात टोपलीत नको ते पडतं. वाहतुकीचा आकार आणि नको असलेल्या सामानाची किंमत शेजारी ठेवून पाहिली, तर आकार भरणंच बहुधा स्वस्त निघतं. शिवाय हवी ती वस्तू नसल्यास तिच्याऐवजी भलतंच मोठं पाकीट येतं. मागणी नोंदवताना ‘पर्यायी वस्तू नको’ अशी सोय असेल तर ती निवडावी.

बऱ्याच वसाहतींची स्वतःची बस ठरलेल्या दिवशी दुकानापर्यंत जाते. बसची फेरी आठवड्यातून एकदाच असेल तर ताजं सामान सात दिवस पुरवावं लागतं. मग पहिले तीन दिवस पालेभाजी आणि मऊ फळं, पुढचे चार दिवस गाजर, कोबी, भोपळा, सफरचंद असा क्रम लावावा. फ्रोझन मटार आणि फ्रोझन भाज्यांना नाक मुरडायचं कारण नाही. काढणीनंतर लवकर गोठवलेल्या असल्यानं त्यांचं पोषण चांगलं टिकतं आणि मूठभरच काढता येतात. एकट्या माणसाला याहून सोयीचं माप नाही.

बसच्या फेरीत मुख्य धोका वेळेचा. नासणारं अन्न थंडाव्याबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. हा वेळ दुकानातल्या शीतकपाटातून वस्तू उचलली तेव्हापासून मोजायचा, घरी पोचल्यापासून नाही. रांग, बसची वाट, मध्ये औषधाच्या दुकानाचा थांबा, सगळं त्यात धरा. म्हणून कोरडं सामान आधी, मग फळंभाज्या, शेवटी दूध-दही-अंडी आणि अगदी पैसे द्यायला जाताना फ्रोझन. सोबत थंडावा राखणारी पिशवी आणि त्यात गोठवलेली पाण्याची बाटली. वजन दोन्ही हातांत सारखं विभागावं. एकाच हातातल्या जड पिशवीनं तोल एका बाजूला जातो. बसच्या पायरीवर मात्र एक हात कठड्यासाठी मोकळा हवा. चाकांची पिशवी असेल तर प्रश्नच मिटला, पण बसमध्ये ती कोण चढवणार, हे आधी विचारून घ्या.

घरी आल्यावर दूध फ्रिजच्या दारात उभं करायची सवय मोडावी. दार हा फ्रिजचा सगळ्यांत उबदार भाग. प्रत्येक उघडझापीला बाहेरची हवा आधी तिथेच लागते. दूध आतल्या फळीवर मागे, लोणची-मुरंबे-सॉस दारात. फ्रिजमधलं तापमान ४ अंश किंवा खाली, फ्रीझरचं उणे १८. आतल्या बटणावरचे १ ते ५ आकडे म्हणजे अंश नव्हेत. छोटा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर आत ठेवला की खरं कळतं.

मील प्लॅनचं गणित

वसाहतीचं माहितीपत्रक ‘जेवण समाविष्ट’ एवढंच सांगतं, आणि सगळ्यांत जास्त पैसे इथेच निसटतात. साधारण तीन प्रकार आढळतात: तिन्ही वेळचं जेवण शुल्कात, दिवसाला एक जेवण शुल्कात, किंवा दरमहा ठरावीक जेवणं वा गुण (ज्यांच्या बदल्यात जेवण मिळतं ते पॉइंट्स) खात्यात जमा, आणि न वापरलेले बहुतेक ठिकाणी महिनाअखेर बाद.

तुम्ही ३० जेवणांचे पैसे भरले आणि २२ जेवलात, तर प्रत्येक जेवण ठरलेल्या दराच्या १.३६ पट पडलं. आता योजनेबाहेरचं सुटं जेवण किती महाग आहे ते विचारा. ते सव्वापट असेल, तर ३० च्या योजनेत किमान २४ जेवणं झाली पाहिजेत. त्याखाली सुटी जेवणंच स्वस्त. गणित सोपं आहे: योजनेतली जेवणं भागिले सुट्या दराची पट. अडचण एकच, आपण महिन्यात किती वेळा वसाहतीच्या जेवणाच्या हॉलमध्ये जेवतो याचा आपला अंदाज हमखास जास्त असतो. मुलांकडे गेलेले दिवस, पाहुणे आले म्हणून घरी केलेला बेत, पाऊस, कंटाळा, हे धरायचं राहून जातं. म्हणून दोन महिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक जेवणाची खूण करा आणि मग योजना निवडा.

करारावर सही करण्यापूर्वी चार-पाच गोष्टी लेखी विचाराव्यात. सलग गैरहजेरीत पैसे परत मिळतात का, किती दिवसांनंतर आणि किती आधी कळवून? रुग्णालयात दाखल झाल्यावर, जेव्हा आधी कळवणं शक्यच नसतं, तेव्हा काय? आजारपणात खोलीवर ताट येतं का, त्याचे पैसे वेगळे लागतात का? पाहुण्याचं जेवण आपल्या गुणांतून जातं का? जोडप्याचं खातं एकत्र की वेगळं? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण एक जण भरपूर आणि दुसरा जेमतेम जेवत असेल तर एकत्र खात्यात खूप कमी वाया जातं.

पैसे भरलेच आहेत, मग बाहेर कशाला जेवायचं?

हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण भरलेले पैसे गेले. आज हॉलमध्ये बसलात तरी ते परत येत नाहीत. आज कुठे जेवायचं हे भूक, सोबत आणि मन पाहून ठरवावं. भरलेल्या पैशांचा विचार करायचा तो योजना बदलायच्या दिवशी, रोज संध्याकाळी नाही. महिनाअखेरीला उरलेले गुण संपवायला बिस्किटं आणि गोड पदार्थ घरी नेणं ही तर पैसे वाचवायची सगळ्यांत वाईट रीत. फळं, दूध, अंडी मिळत असतील तर न्या, नाहीतर एखाद्या स्नेह्याला जेवायला बोलवा.

दुहेरी खर्च होतो तो खरं म्हणजे किराण्यात. सवयीनं सात दिवसांची भाजी आणली जाते आणि निम्मी जेवणं हॉलमध्ये होतात. आठवड्यात जेवणं २१. समजा सात हॉलमध्ये आणि दोन बाहेर, उरली १२. त्यातले सात नाश्ते. म्हणजे खरा स्वयंपाक फक्त पाच वेळा. माणशी एका जेवणाला १५० ग्रॅम भाजी धरली, तर दोघांना आठवड्याला दीड किलो पुरते. यादी लिहिण्याआधी हॉलचा मेन्यू समोर ठेवा. सामूहिक स्वयंपाकघरं बहुधा चार-पाच आठवड्यांचा फिरता मेन्यू चालवतात आणि मागितला तर तो देतात.

घरी पाककृती निम्मी करताना पाणी मात्र सरळ निम्मं करू नका. वाफ होऊन जाणारं पाणी भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर अवलंबून असतं, तांदळाच्या वजनावर नाही. त्याच मोठ्या भांड्यात निम्मं पाणी घातलं तर भात तळाला लागतो. भांडंच लहान घ्या.

हॉलचं जेवण बेचव का लागतं?

दोष नेहमी आचाऱ्याचा नसतो. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा, आणि वयाबरोबर वास घेण्याची शक्ती मंदावते. त्यात काही औषधांनी तोंडाला कोरड पडते. स्वयंपाकघर मीठ मुद्दाम कमी ठेवतं, कारण जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चहाचा चमचा, आणि ती सगळ्या जेवणांची मिळून. अशा वेळी मिठाची बाटली पुढे ओढण्यापेक्षा लिंबू, मिरपूड, भाजलेलं जिरं, ताजी हिरवी पानं वापरावीत, आणि जेवण गरम असताना खावं. ‘कमी सोडियम’वाल्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारूनच. तसंच वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू वा बंद करू नयेत, प्रमाण रोज सारखं ठेवावं. ग्रेपफ्रूट कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांशी जमत नाही.

भूक कमी झाली तरी प्रथिनांची गरज कमी होत नाही, उलट वाढते. ज्येष्ठांसाठी अनेक तज्ज्ञ शरीराच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात (मूत्रपिंडाच्या रुग्णांचं प्रमाण वेगळं). ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात ६ च्या आसपास, पेलाभर दुधात साडेसहा, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७. चहा आणि दोन स्लाइस ब्रेडच्या नाश्त्यात पाच-सहा ग्रॅमच येतात, आणि मग दिवसभर ती तूट भरत नाही. ती तशीच राहिली की स्नायू झिजू लागतात. वयाबरोबर स्नायू झिजण्याच्या या प्रक्रियेला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. खुर्चीतून उठताना हात टेकावा लागणं ही तिची घरात दिसणारी खूण.

बाहेर जेवताना

निवृत्त मंडळी हॉटेल उघडताच जाऊन बसतात याची चेष्टा होते. पण ती वेळ हुशारीची आहे. रिकामी खुर्ची हॉटेलमालकाला परवडत नाही, म्हणून सवलती त्याच वेळी असतात. आचाऱ्यावर घाई नसल्यानं ‘मीठ कमी’, ‘सॉस वेगळा’, ‘अर्धी प्लेट’ या विनंत्या खरोखर पाळल्या जातात.

आणि त्या वेळी शांतता असते. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात; स, श, फ, त ही व्यंजनं त्याच पट्टीत येतात. म्हणून बोलणं ऐकू येतं पण शब्द कळत नाही. गर्दीत प्रत्येक टेबल शेजारच्या टेबलावर आवाज चढवतं. याला १९११ मध्ये हे मांडणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांच्या नावावरून ‘लोंबार परिणाम’ म्हणतात. कोपऱ्यातलं, स्वयंपाकघराच्या दारापासून लांबचं टेबल मागावं. पुढच्या दिशेचा आवाज टिपणारं श्रवणयंत्र असेल तर गोंगाट पाठीमागे आणि माणसं समोर अशी बैठक घ्यावी. मेन्यू घरूनच फोनवर मोठ्या अक्षरांत वाचून जावं, कारण मंद दिव्यांत साठीनंतरच्या डोळ्यांना विशीतल्या डोळ्यांच्या कितीतरी कमी प्रकाश मिळतो.

जेवून उठण्याचा क्षण फार कमी जण जपतात. पोटभर जेवल्यावर रक्ताचा ओघ पचनाकडे वळतो आणि ज्येष्ठांमध्ये त्यामुळे रक्तदाब दोन तासांत २० अंकांनी किंवा जास्त घसरू शकतो. भात-ब्रेड-गोडाचं भरपूर जेवण आणि सोबत मद्य असेल तर अधिकच. बिल भरून तटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पडणं नेमकं तिथे होतं. आधी खुर्चीच्या कडेला सरकावं, मिनिट-दोन मिनिटं पावलं वरखाली हलवावीत, मग टेबल धरून उभं राहावं आणि दोन श्वास घेऊन चालू लागावं.

प्लेट मोठी असेल तर निम्मं अन्न खायला सुरुवात करण्यापूर्वीच डब्यात काढून ठेवावं. उष्टं कमी, टिकतं जास्त. दोन तासांचा नियम इथेही लागू, ताट टेबलावर आल्यापासून. जेवून नाटकाला जायचं असेल तर डबा घेऊच नये. भाताबद्दल विशेष काळजी: शिजवूनही तगणारे जिवाणूंचे बीजाणू बाहेर राहिलेल्या भातात वाढून विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही. घरी नेलेलं अन्न तीन-चार दिवसांत संपवावं, वाफा येईपर्यंत गरम करून. पासष्टीनंतर लिस्टेरिया या जिवाणूचा धोका वाढतो आणि तो फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढत राहतो. म्हणून कापून ठेवलेली फळं आणि तयार सॅलड या दोन गोष्टी उरलेल्या असतील तर सोडून द्याव्यात.

आणि बिल?

समान वाटणीत कमी खाणारा नेहमी बुडतो. अर्थतज्ज्ञ उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, बिल समान वाटलं जाणार हे ठाऊक असलेल्यांनी ज्याचं त्याचं बिल असलेल्यांपेक्षा जास्त मागवलं. निवृत्तांच्या टेबलावर एक सूप घेणारा आणि एक तीन पदार्थ मागवणारा असे दोघं शेजारीच बसतात. सूप घेणारा चारदा गप्प राहतो, पाचव्यांदा येणंच टाळतो आणि घरी एकटा जेवतो. एकटं जेवणारा ज्येष्ठ बहुधा कमी खातो, त्यामुळे हे नुसतं पैशांचं राहत नाही. ऑर्डर घ्यायला माणूस आला की पदार्थ सांगण्याआधी ‘बिलं वेगवेगळी’ एवढं बोलून टाकावं. जेवण झाल्यावर तेच सांगितलं की वेटरला पुन्हा सगळं तोडून लिहावं लागतं आणि टेबलावरचं कुणीतरी म्हणतंच, जाऊ दे, समान वाटू.